कापण्याआधी एक विमान ठरवा
वाचकांचे प्रश्न : या महिन्याचा विषय – किटचा उपप्रकार बदलताना

सप्टेंबर 2025 मध्ये चंदीगडला मिग-21 हवाई दलातून निवृत्त झालं, तेव्हापासून या सदराकडे येणाऱ्या पत्रांत त्याचीच चौकशी जास्त असते. बहुतेकांची अडचण एकच आहे. हाताशी असतं ते प्लॅस्टिकच्या मॉडेलचं किट विमानाच्या एका उपप्रकाराचं आणि मनात असतं ते विमान दुसऱ्याच उपप्रकाराचं. म्हणून या वेळी सगळे प्रश्न त्याच विषयावरचे घेतले आहेत. नव्या वाचकांसाठी सांगतो, मी ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये पॅटर्न मेकर होतो. ओतकामासाठी सागवानाचे नमुने बनवण्यात नोकरी गेली. त्यामुळे माझी उत्तरं कानस, पट्टी आणि व्हर्निअर यांच्या बाजूला झुकतात. थ्रीडी प्रिंटिंगचे प्रश्न पाठवणाऱ्यांनी थोडं थांबावं, त्यासाठी जाणकार माणूस शोधतो आहे.

प्रश्न : माझ्याकडे 1/72 मापाचं, म्हणजे खऱ्या विमानाच्या बहात्तराव्या हिश्श्याचं, मिग-21पीएफएम आहे. मित्राने घर बदलताना दिलं. खोकं आणि डिकल (चिकटवायची चिन्हं आणि आकडे) नाहीत, पण सगळे स्प्रू (भाग जोडलेल्या प्लॅस्टिकच्या चौकटी) अखंड आहेत. मला 1971 च्या युद्धातलं आपलं मिग-21एफएल करायचं आहे. दोघांची शेपटी सारखीच दिसते. नुसते डिकल बदलले तर चालेल का? – एक वाचक, कळवा

शेपटी तुम्ही नीट पाहिलीत. रुंद उभी शेपटी आणि तिच्या तळाशी ब्रेक पॅराशूटची नळी, दोन्ही गोष्टी एफएललाही आहेत. हवेतला वेग मोजणारी पिटो नळीही दोघांना नाकाच्या वर, बरोबर मधोमध आहे. म्हणून एफएलसाठी पीएफएम हे मूळ चांगलंच. पण डिकलवर भागणार नाही, कारण पीएफएमला नंतर ज्या सुधारणा मिळाल्या त्या एफएलला कधीच मिळाल्या नाहीत.

माझा आग्रह असा असतो की फरकांची यादी पाठ करण्यापेक्षा फरक का पडला ते समजून घ्यावं. कारण कळलं की विमानाच्या अंगावर कुठे कुठे बदल झाला असणार ते आपलं आपल्याला सापडतं, आणि यादीत राहून गेलेली गोष्टही सुटत नाही.

एफएल म्हणजे आपल्याकडचं टाइप 77. आधीच्या पीएफवरून भारतासाठी काढलेलं, रडार आर-2एल, इंजिन आर-11एफ-300. हेच विमान नाशिकजवळ ओझरला एचएएलच्या कारखान्यात तयार झालं. यात वैमानिकाची खुर्ची जुनी, एसके जातीची. तिची रचना अशी की वैमानिक बाहेर फेकला गेला की कॅनॉपी, म्हणजे कॉकपिटवरचं पारदर्शक आवरण, खुर्चीबरोबरच सुटायची आणि समोरून येणाऱ्या हवेच्या झोतापुढे ढालीसारखी उभी राहायची. ढाल व्हायची तर पुढची काच आणि वरचं झाकण मिळून एकच अखंड तुकडा हवा, आणि तो पुढच्या टोकाला बिजागरीवर हवा. म्हणून एफएलची कॅनॉपी उघडते तेव्हा तिची मागची बाजू वर उचलली जाते. पीएफएमला केएम-1 ही नवी खुर्ची आली आणि ढालीची गरजच संपली. मग पुढची काच धडाला कायमची बसवली आणि मागचं झाकण उजव्या बाजूला उघडायला लागलं. खुर्ची बदलली म्हणून काच बदलली, काच बदलली म्हणून तिची चौकट आणि धडावरची सांध्याची रेघ बदलली.

आता हे मॉडेलवर आणा. तुमच्या किटमध्ये पुढच्या काचेचा तुकडा वेगळा असेल. तो वापरू नका, पण टाकूनही देऊ नका, मापासाठी लागेल. एफएलची अखंड कॅनॉपी नव्याने काढावी लागेल, तिची रीत खाली घोडबंदर रोडच्या वाचकांना दिलेल्या उत्तरात आहे. मात्र त्याआधी स्प्रूवरचे 'न वापरायचे' भाग तपासा. एकाच साच्यातून कंपन्या दोन-तीन उपप्रकार काढतात आणि जुनी कॅनॉपी कधी कधी त्याच स्प्रूवर बसलेली मिळते. तशी मिळाली तर तुमचं निम्मं काम झालं.

अखंड कॅनॉपीच्या आत, वैमानिकाच्या समोर, एक जाड चिलखती काच वेगळी बसवलेली असते. कॅनॉपी उघडली तरी ती जागीच राहते. 1/72 मध्येसुद्धा बाहेरून नजर टाकली की ती दिसते, आणि ती असली की पाहणाऱ्याला लगेच एफएल ओळखू येतं. जाडसर पारदर्शक शीटचा छोटा तुकडा कापा, कडा घासून गुळगुळीत करा आणि फेविकॉलच्या थेंबाने बसवा. खुर्चीचं सांगायचं तर केएम-1 ला डोक्यामागे ठळक पेटी आहे, एसके सडपातळ आहे. कॅनॉपी बंद ठेवणार असाल तर किटमधल्याच खुर्चीची डोक्यामागची पेटी कापून बारीक केली तरी पुरे.

फ्लॅपचंही (पंखाच्या मागच्या कडेला खाली वळणारा भाग) तसंच. पीएफएमच्या फ्लॅपवर इंजिनातून काढलेली हवा फुंकली जाते, त्यामुळे विमान कमी वेगात उतरू शकतं. ही सोय एफएलला नाही. फुंकणाऱ्या फ्लॅपच्या खालच्या अंगाला मध्यभागी एक छोटी लांबट फुगवटी असते. ती नव्या धारेच्या ब्लेडने कापा, बारीक कानशीने सपाट करा आणि पुसल्या गेलेल्या रेघा परत कोरा.

आता तोफ. 1960 च्या दशकात तोफ जुनी झाली, क्षेपणास्त्रच पुरेल, असा जगभर समज होता, म्हणून पीएफला तोफच दिली नव्हती. आपल्या वैमानिकांना तोफ हवी होती. मग एफएलच्या पोटाखाली जीपी-9 हा पॉड, म्हणजे बाहेरून लावायची तोफेची पेटी, बसवला गेला, आत 23 मि.मी.ची दुनळी जीएसएच-23. पॉड पोटाच्या मधोमध बसतो, म्हणजे मधली जादा इंधनाची टाकी त्याच जागी लावता येत नाही. पॉड आणि मधली टाकी दोन्ही लावलेलं मॉडेल मी प्रदर्शनात पाहिलं आहे. काम देखणं होतं, पण असं विमान उडालंच नसतं.

पॉड बनवायची माझी रीत पॅटर्न शॉपमधली आहे. पांढऱ्या प्लॅस्टिक शीटच्या थप्प्या डाव्या-उजव्या बाजूला आणि मधोमध काळ्या शीटचा एकच पातळ थर, असं चिकटवून ठोकळा करा. घासत जाल तशी ती काळी रेघ तुम्हाला मध्य दाखवत राहील. रेघ एका बाजूला सरकलेली दिसली की समजा, कानशीचा हात तिकडे जड पडतो आहे. आधी बाजूचा आकार, मग खालचा, कडा शेवटी गोल करायच्या. धडाला टेकणारी वरची बाजू सपाट ठेवू नका. धडावर 180 नंबरचा पॉलिश पेपर उलटा, म्हणजे घासणारी बाजू वर करून, चिकटपट्टीने लावा आणि त्यावर पॉड पुढे-मागे फिरवा. धडाची गोलाई आपोआप पॉडमध्ये उतरते, फट भरायचं कामच उरत नाही. नळ्यांसाठी मेडिकलमधून 24 गेजची सुई आणा. तिचा बाहेरचा व्यास 0.57 मि.मी.च्या आसपास असतो, या मापाला तो शोभतो. टोकाचा धारदार भाग आधी कापून झाकणाच्या डबीत टाका, घरात लहान मुलं असतात. सुई दाबून कापली तर चपटी होते, म्हणून त्रिकोणी कानशीने गोल खाच पाडून मोडा.

मापाबद्दल एक गोष्ट, कारण याच ठिकाणी चांगली कामं वाया जातात. ड्रॉइंग छापून आणलंत की त्यावर भरवसा ठेवण्याआधी पट्टी लावा. मिग-21 च्या पंखांचा पसारा 7.15 मीटर, म्हणजे 1/72 ला 99.3 मि.मी. झेरॉक्सच्या दुकानात मशीन 'फिट टू पेज'वर असलं तर तोच पसारा 95-96 भरेल आणि तुमचा पॉड, कॅनॉपी, सगळंच बारीक होईल. दुकानदाराला 'शंभर टक्के, अ‍ॅक्चुअल साइज' असं स्पष्ट सांगा आणि तिथेच उभं राहून मोजा. पसारा जुळला तरी उभं माप वेगळं तपासा, काही मशीन एकाच दिशेला ताणतात.

आणि हे सगळं सुरू करण्याआधी एक विमान ठरवा. 'एफएल' हे ठरवणं पुरेसं नाही. 'सी'पासून सुरू होणारा एक ठरावीक क्रमांक, एक ठरावीक काळ, आणि शक्यतो डावी-उजवी दोन्ही बाजूंचे फोटो. ही विमानं मुळात चकचकीत धातूच्या रंगात होती. 1971 ला युद्ध तोंडावर आल्यावर तळांवरच घाईने हिरवे-करडे पट्टे आणि ठिगळं मारली गेली, त्यामुळे दोन विमानं सारखी सापडणं कठीण. 14 डिसेंबर 1971 ला 28 स्क्वाड्रनच्या मिगनी विंग कमांडर बी. के. बिश्नोई यांच्या नेतृत्वाखाली गुवाहाटीहून जाऊन ढाक्याच्या गव्हर्नमेंट हाउसवर 57 मि.मी.चे रॉकेट डागले. तुम्हाला ते विमान करायचं असेल तर पंखाखाली रॉकेटचे पॉड येतील. हवाई लढतीचं विमान असेल तर तिथे के-13 क्षेपणास्त्रं. पंखाखाली जागा दोनच आहेत, म्हणून निवड आधीच करावी लागते. दिल्लीला गेलात तर पालमच्या हवाई दल संग्रहालयात एफएल उभं आहे, त्याची कॅनॉपी जवळून पाहून या.

प्रश्न : मी नववीत आहे. बाबांनी वाढदिवसाला 1/72 मिग-21एमएफ आणलं. मला बायसन बनवायचं आहे. पुढची काच बदलली की झालं ना? – एक विद्यार्थिनी, ऐरोली

बायसनची पुढची काच वेगळी आहे हे तुला माहीत आहे, म्हणजे तू फोटो लक्ष देऊन पाहतेस. पण एमएफपासून बायसन करायला निघालीस तर काच हा सगळ्यांत सोपा भाग ठरेल. अवघड आहे ती पाठ.

बायसन म्हणजे मिग-21बिसचं सुधारलेलं रूप. नवं कोप्यो रडार, आर-73 आणि आर-77 क्षेपणास्त्रं, आणि चौकटीच्या दांड्या नसलेली अखंड पुढची काच. विमान मात्र बिसचंच. बिसमध्ये कॉकपिटच्या मागे शेपटीपर्यंत जाणारी पाठ एमएफपेक्षा भरलेली आहे, कारण आतली इंधनाची टाकी वेगळी. ती गोलाई एम-सीलने भरता येते, पण दोन्ही बाजू सारख्या करणं, मग सगळ्या रेघा नव्याने कोरणं, हे काम पहिल्या रूपांतराला घेऊ नकोस असं मी मनापासून सांगेन.

तुझ्या किटमधून एक सुंदर भारतीय विमान होतं : टाइप 96, म्हणजे मिग-21एम. तेही ओझरलाच बनलं. एमएफचं इंजिन वेगळं, पण बाहेरून फरक इतके बारीक आहेत की एका ठरावीक विमानाचे फोटो समोर ठेवून एकेक जागा ताडून पाहिलीस की पुरे. पंखांखाली शस्त्रं टांगायचे चार खांब (पायलॉन), पोटात बसवलेली तोफ आणि नाकावर उजवीकडे सरकलेली पिटो नळी, हे सगळं किटमध्ये असेल. पिटो लक्षात ठेव. जुना फोटो धूसर असला तरी नळी मधोमध आहे की उजवीकडे, एवढ्यावरून पीएफ-एफएलचं घराणं आणि एम-बिसचं घराणं वेगळं करता येतं.

बायसनसाठी पुढे कधीतरी बिसचं किट घे. त्यातल्या पुढच्या काचेवरच्या चौकटीच्या उंच रेघा 1000 च्या पॉलिश पेपरने पाणी लावून घासायच्या, मग 2000, मग मऊ फडक्यावर पांढरी टूथपेस्ट, जेल नको. घासताना काच पूर्ण धुरकट होते, तेव्हा घाबरू नकोस, पेस्टने ती परत स्वच्छ होते. शिवाय पंखाच्या मुळाशी बसवलेल्या चॅफ-फ्लेअरच्या पेट्या फोटोवरून करून लाव. तुझ्या टाइप 96 चा फोटो मला जरूर पाठव.

प्रश्न : नॅट या छोट्या लढाऊ विमानाच्या दोनआसनी ट्रेनरचं 1/72 चं किट स्वस्तात मिळतं आहे. मागची खुर्ची बुजवून 1965 च्या लढाईतलं एकआसनी नॅट होईल का? – एक वाचक, नेरुळ

घेऊ नका. ट्रेनरचा पंखच वेगळा आहे. एकआसनी नॅटचा पसारा 6.73 मीटर, ट्रेनरचा 7.32. तुमच्या मापात हा फरक आठ मि.मी.चा होतो आणि तो फक्त टोकं कापून जात नाही, कारण ट्रेनरचा पंख रुंदीलाही मोठा आहे. धड लांब, उभी शेपटी मोठी. शेवटी मूळ किटमधलं चाकांपलीकडे फारसं काही हाती उरत नाही. 1/72 मध्ये एकआसनी नॅटचं किट चेक कंपनी स्पेशल हॉबीने काढलेलं आहे, नॅटचं सुधारलेलं भारतीय रूप असलेल्या अजीतचंही काढलं आहे. थोडे पैसे साठवून तेच शोधा. फ्लाइंग ऑफिसर निर्मलजीत सिंग सेखों यांनी 14 डिसेंबर 1971 ला श्रीनगरहून जे नॅट उडवलं आणि ज्या लढतीसाठी त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं, ते विमान योग्य पंखांसह व्हायला हवं.

प्रश्न : हंटर या लढाऊ जेट विमानाच्या एफ.6 उपप्रकाराचं किट आहे. आपल्या हवाई दलाचं एफ.56 करायला किती कापाकापी लागेल? – एक वाचक, चेंदणी कोळीवाडा, ठाणे

फारच थोडी, आणि म्हणूनच पहिलं रूपांतर करणाऱ्याला मी हेच सुचवतो. भारताने 1957 मध्ये 160 हंटर मागवले, ते एफ.6 वरूनच केलेले. ठळक फरक एकच, उतरल्यावर वेग मोडण्यासाठीचं ब्रेक पॅराशूट. त्याची लांबट पेटी जेटच्या नळीच्या वर, शेपटीच्या अगदी टोकाला बसते. किटमध्ये दोन प्रकारच्या शेपट्या आहेत का ते आधी पाहा, असली तर नुसती निवड करायची. नसली तर स्प्रूचाच जाड तुकडा घ्या, खालून गोल कानशीने पन्हळ पाडून नळीवर बसवा आणि मग वरून आकार द्या. उलट क्रमाने, म्हणजे आधी आकार देऊन मग पन्हळ पाडायला गेलात, तर तुकडा चिमट्यात धरता येत नाही.

क्रमांक 'बीए'पासून सुरू होणारे. डिसेंबर 1971 मध्ये लोंगेवालाला जैसलमेरहून उडालेल्या हंटरांचे फोटो बऱ्याच ठिकाणी छापून आले आहेत, त्यांतलं एक निवडा. पुढे 1966 नंतर आलेल्या 56ए विमानांचा फोटो चुकून घेऊ नका, त्यांचं मूळ वेगळं.

प्रश्न : रूपांतरासाठी वेगळी कॅनॉपी लागते तेव्हा काय करायचं? व्हॅक्यूम मशीन घेणं परवडत नाही. – एक वाचक, घोडबंदर रोड

मशीन लागत नाही. पाण्याची किंवा सोड्याची पारदर्शक बाटली, हॉट एअर गन आणि नीट केलेला ठोकळा, एवढ्यावर उत्तम कॅनॉपी निघते. बाटली पेट प्लॅस्टिकची असते आणि तापली की आवळते. आपण तिला ठोकळ्यावर आवळू द्यायचं.

सगळी कमाल ठोकळ्याची. तो सागवानाचा करा किंवा एम-सीलचा. पॉलिस्टायरीनचा करू नका, गनच्या आचेवर तो स्वतःच लोळागोळा होतो. लाकडाचा केलात तर रेषा बुजवल्याशिवाय वापरू नका. फेविक्विक पातळ पसरून मुरू द्या, 600 ने घासा, परत द्या, परत घासा. बोटाला जाणवत नाहीत अशा लाकडाच्या रेषाही काचेवर उमटतात आणि रंगवलेल्या कॉकपिटवर उन्हात ठळक दिसतात. ठोकळा कॅनॉपीच्या बाहेरच्या मापाचा करायचा नाही. बाटलीच्या प्लॅस्टिकची जाडी दोन्ही बाजूंनी वजा करा. व्हर्निअरने बाटली कापून मोजा, आणि आवळल्यावर ती थोडी जाड होते हेही धरा. शिवाय कॅनॉपीच्या खालच्या कडेनंतर ठोकळा निदान सात-आठ मि.मी. सरळ खाली वाढवा. बाटली कडेपाशी नीट बसत नाही, ती ओढ या जादा भागात जाऊ द्यायची आणि नंतर तो कापून टाकायचा.

बाटली नक्षी आणि वळ्या नसलेली, सरळ अंगाची निवडा. तळ कापून ठोकळा आत सरकवा आणि मागून लाकडाच्या पाचरी ठोकून बाटली ताठ बसवा. गन सतत फिरती ठेवा, एका जागी धरू नका. प्लॅस्टिक आधी किंचित हलतं, मग एकदम ठोकळ्याला चिकटतं. त्या क्षणी गन बाजूला. जास्त तापवलंत तर पेट दुधाळ होतं आणि तो दुधाळपणा कशानेही जात नाही, नवी बाटली घ्यावी लागते. हे काम बाल्कनीत करा, हातमोजे घाला.

पूर्ण गार झाल्यावर, ठोकळ्यावर असतानाच, कडेला चिकटपट्टी लावून तिच्या आधाराने हलक्या हाताने पुन्हा पुन्हा रेघ मारत कापा. एका दमात कापू गेलात तर पातं घसरतं. चौकटीचे पट्टे रंगवलेल्या डिकलच्या पट्ट्यांनी काढा, ते ब्रशपेक्षा सरळ येतात. कॅनॉपी चिकटवताना किटचा नेहमीचा गोंद (सिमेंट) वापरू नका, तो पेट प्लॅस्टिकला धरतच नाही. फेविक्विकही नको, त्याची वाफ काचेवर पांढरी बसते. फेविकॉल लावा, एक रात्र टेपने दाबून ठेवा.

प्रश्न : धातूच्या चकचकीत रंगावर जुलैत पांढरट साय येते आणि भरलेल्या जागाही उठून दिसतात. प्रायमर वाईट आहे का? – एक वाचक, सीवूड्स

प्रायमरचा दोष नसावा. थिनर भराभर उडतो तेव्हा पृष्ठभाग गार पडतो आणि आपल्याकडच्या पावसाळी हवेतली वाफ त्यावर धरते. तीच ही साय. हळू उडणारा थिनर किंवा रिटार्डर (थिनरचं उडणं मंदावणारं द्रव्य) वापरा, कॉम्प्रेसरला पाणी अडवणारी बाटली बसवा, आणि आधीच साय आली असेल तर नुसत्या रिटार्डर मिसळलेल्या थिनरचा अगदी हलका फवारा मारून पाहा, बऱ्याचदा थर परत विरघळून स्वच्छ बसतो. खाडीकाठच्या घरात पावसाळ्यात मी सिल्व्हर मारतच नाही. तो काळ कापाकापी, घासकाम आणि कॉकपिट यांना द्या, सिल्व्हर दसऱ्यानंतर.

भरलेल्या जागा दिसतात त्याचं कारण भरणीत आहे. गाड्यांच्या रंगाच्या दुकानात मिळणारी एनसी पुट्टी सुकताना आकसते. आज सपाट घासली तरी काही दिवसांनी तिथे खळगा पडतो, आणि सिल्व्हर तो खळगा दाखवतोच. रूपांतरात जिथे खोल भरणी आहे तिथे प्लॅस्टिकचाच तुकडा बसवा, उरलेल्या फटीत फेविक्विकमध्ये टाल्कम पावडर कालवून भरा. खायचा सोडा कालवला तर भरण दगडासारखं कठीण होतं आणि घासताना शेजारचं प्लॅस्टिक आधी जातं, पावडरने ते बेताचं राहतं. भरल्यावर त्याच दिवशी घासून घ्या, उद्यावर टाकलंत तर तेही कठीण होतं. एम-सील मोठ्या गोलाईला चांगलं, बारीक रेघेला नाही. सिल्व्हरच्या आधी चकचकीत काळ्याचा एक थर मारा. काळ्यावर ओरखडे आधीच दिसतात आणि सिल्व्हर मारण्यापूर्वी ते घासता येतात.

प्रश्न : माझ्या क्रमांकाचे डिकल कुठेच मिळत नाहीत. घरी छापता येतील का? – एक वाचक, कोपरी, ठाणे

काळे क्रमांक येतील. पारदर्शक डिकल पेपरवर लेझर प्रिंटने छापा, वर पारदर्शक वार्निशचा हलका थर द्या आणि सुकल्यावर कापा. आकड्यांचा वळसा फोटोवरून काढा. संगणकातला तयार फाँट सहसा जुळत नाही, 4 आणि 7 पाहिले की लगेच कळतं. निशाणाचं वर्तुळ मात्र असं छापू नका. प्रिंटर पांढरा रंग छापत नाही, म्हणून केशरी आणि हिरवा हिरव्या-करड्या रंगावर मळकट दिसतात. पांढऱ्या डिकल पेपरवर वर्तुळ छापून काठोकाठ कापा, किंवा वर्तुळं तयार घ्या आणि फक्त क्रमांक घरी छापा. बाहेर केशरी, मध्ये पांढरा, आत हिरवा. डिकल बसवण्याआधी पृष्ठभाग चकचकीत हवा, मॅट रंगावर फिल्मखाली हवा अडकून कडा चंदेरी दिसतात. आणि क्रमांक लावण्याआधी ठरवलेल्या विमानाचा फोटो परत एकदा काढा. काही विमानांवर डाव्या आणि उजव्या बाजूला आकड्यांची जागा वेगळी आहे.